घर क्रमांक एक

सोमवार, ४
आले! तेच. केस पांढरे, पाठीला बाक, पण पेनाचं टोपण दातात धरायची सवय जशीच्या तशी.

समाजशास्त्रातली बावीस माणसं दहा दिवसांत माझ्याकडून संगणकावर खोटी वस्ती वसवायला शिकणार, आणि त्यांत माझे सर. बावीस वर्षांपूर्वी असल्याच संगणकावरच्या खोट्या बाजारावरचा माझा प्रबंध त्यांनी चारचौघांत टेबलावर आपटला होता. "हा बाहुल्यांचा खेळ झाला. घेऊन जा." गावच्या शाळेतून वर आलेला मी, मान खाली घालून तसाच बाहेर पडलो; गठ्ठा संध्याकाळी शिपायाने दोरीने बांधून आणून दिला. तो मी सरांना पुन्हा दिलाच नाही. पदवी राहिली ती राहिलीच.

आज ओळख नाही, काही नाही. "मास्तर, हे बटण एकदा दाबायचं की दोनदा?" मास्तर म्हणे!

मंगळवार, ५
शिकवलं — प्रत्येक बाहुलीला, म्हणजे पडद्यावरच्या माणसाला, दोन-तीन साधे नियम द्यायचे, मग बाजूला व्हायचं आणि वस्तीचं काय होतं ते पाहायचं. जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे वरून हुकूम कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही."

"आणि तरी सगळं चालतं? अगदी आमच्या घरासारखं!"

वर्ग हसला. सरही हसले. त्यांचं हसणंसुद्धा खुपलं.

बुधवार, ६
देवापुढे बसलो. डोळे मिटले की टेबलावर आपटलेला गठ्ठा. जप राहिला बाजूला.

शुक्रवार, ८
सापडले!

सरांची वस्ती: दोनशे घरं, एक नळ. प्रत्येक फेरीत घरं पाणी भरतात, टाकी संपली की फेरी संपते. काही घरं कायम कोरडी राहतात. सर खुशीत. "पाहिलंत मास्तर? कुणी दुष्ट नाही, तरी अन्याय होतोच. यावर लेख होईल."

कसला अन्याय! ते घरांना यादीच्या क्रमाने बोलावतात. घर क्रमांक एक दर फेरीत पहिलं, दोनशे कायम शेवटचं. प्रत्येक फेरीआधी यादी पत्त्यांसारखी पिसायची असते. एका ओळीचं काम.

"छान," म्हणालो.

शनिवार, ९
जाड भिंगाच्या बाईंनी हीच चूक केली होती. त्यांना लगेच सांगितलं. सर दोन खुर्च्या पलीकडे होते. त्यांना ऐकू कमी येतं, हे मला ठाऊक आहे.

सोमवार, ११
बेत पक्का. गुरुवारी सरांचं सादरीकरण. विद्यापीठातून पाहुणे येणार. बोलून झालं की मी नम्रपणे एकच प्रश्न विचारणार. मग पडद्यावर यादी पिसून दाखवणार — अन्याय गायब! आणि शेवटी माझा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवणार. आपटणार नाही. ठेवणार.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, म्हाताऱ्या माणसाला पाडून तुम्ही किती उंच होणार?"

 तिचाही राग आला.

बुधवार, १३
सरांनी आपणहून विचारलं, "मास्तर, कुठे चुकत तर नाही ना मी? या वयात हसू नको व्हायला."

"बिनधास्त बोला, सर."

खोटं बोललो. जीभ अडखळली नाही, याचंच नवल.

गुरुवार, १४, सकाळ
गठ्ठा काढला. पहिलं पान वर दिसावं म्हणून दोरीची गाठ सोडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शिपायाने आणून दिला होता तसाच होता.

एकसष्टाव्या पानावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. सरांचं अक्षर.

"तुमच्या बाजारात रोज तेच मजूर आधी काम निवडतात. निष्कर्ष त्यामुळेच आला असेल का? क्रम बदलून पुन्हा चालवून पाहा आणि मला भेटायला या. आज सर्वांसमोर बोललो, ते चुकलं."

तपासलं. माझीही यादी तशीच. न पिसलेली.

ज्यांनी माझ्या प्रबंधात ही चूक पाहिली, त्यांना स्वतःच्या हातून होताना ती दिसली नाही. मला दिसली, आणि मी सहा दिवस जपून ठेवली.

सादरीकरण अकराला. आता साडेआठ.

गुरुवार, दुपार
नऊला त्यांच्या खोलीवर गेलो. चिठ्ठी पुढे ठेवली. म्हणालो, "सर, क्रम बदलून पुन्हा चालवून पाहा."

त्यांनी चिठ्ठी वाचली. टोपण दातातून काढलं.

"भेटायला यायला फार उशीर केलात. बसा."