हिरव्या टाक्याची टोपी

नाना, गुलमंडीच्या मागचा आपला अहाता पाडला त्याला पुष्कळ वर्षं झाली. तिथं आता गाड्या लावतात. शहराचं नावही बदललं, पण डोळे मिटले की मला अहाता जसाच्या तसा दिसतो. आवारात शिरलं की डावीकडं पुस्तकं बांधणारा, मग अत्तरवाला, मग आपलं टोप्या दाबायचं दुकान, आणि समोर सिंदीखाना. सिंदीचा आंबूस वास आणि आपल्या कोळशाचा धूर, दोघांनाही बाहेर पडायला एकच दरवाजा. मलाही तेवढाच.

निजामाच्या कचेरीतले कारकून, हिंदू असोत की मुसलमान, लाल, गोंड्याची रुमी टोपी घालत. संध्याकाळी ती दुकानाच्या मालकांकडं, तुमच्या उस्तादांकडं, टाकायची आणि समोर जाऊन बसायचं. सरकारी टोपी घालून सिंदी पिणं बरं दिसत नसे, शिवाय उशीर का झाला याला घरी सांगायला कारण तयार. तुम्ही ओल्या फडक्यानं टोपी पुसून तापल्या पितळी साच्यावर चढवता, वरून दुसरा साचा दाबता, वाफ फुस्सकन उठते आणि मी टाळ्या वाजवते. सहा वर्षांची असेन. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्याआधी दाबायला पडलेल्या सतरा टोप्या न्यायला कुणी आलंच नाही. जी टोपी मिरवत होते ती डोक्यावर घ्यायची आता कुणाची छाती नव्हती. उस्ताद हैदराबादला भावाकडं निघाले तेव्हा तुमच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, "अमानत है. लोगां आएंगे." ते गेले ते गेले, आणि तुम्ही त्या ठेवीत अडकलात.

तेरा वर्षं! पोट इस्त्रीवर चालायचं, पण फळीवरच्या टोप्या तुम्ही दर शनिवारी झटकायचात. आई आधीच गेलेली. दम्यानं तुम्हाला अंथरुणाला खिळवलं आणि दुकानात मी बसू लागले. समोर पिणारे टक लावून बघायचे, मागची भिंत तापलेली, हातात इस्त्री, आणि घरी ट्रंकेत फुलंब्रीच्या शाळेतल्या नोकरीची ऑर्डर. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. तुम्हाला मी बरोबरच नेणार होते. सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "दुकान बंद दिसलं अन् कुणी आलं तर? काय म्हणंल तो मला?"

"तेरा वर्षांत कोण आलं, नाना?" माझा आवाज चढला होता.

तुम्ही बराच वेळ खोकलात. "एवढा महिना बघ. कुणी नाय आलं तर लाव कुलूप. जाऊ आपण."

महिना संपायला दोन दिवस होते. मी भांडीसुद्धा बांधायला घेतली होती. भर दुपारी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. शेरवानीला ठिगळ, डोकं उघडं. "बेटी, मेरी टोपी थी इधर. अंदर हरा टाँका है." सतरा टोप्यांच्या सतरा खुणा मला पाठ होत्या. हिरव्या टाक्याची माझ्या मागंच फळीवर होती. ती दिली असती तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, आला का नाय? आता बाकीचेबी येतील. बाहेरच्या उन्हातून त्याला आतलं नीट दिसत नसावं; मी फळीच्या आडवी झाले आणि म्हणाले, "कसर लग गई, चाचा. सब फेंक दिए." तो "खुश रहो" म्हणून, वर मलाच दुवा देऊन गेला.

घरी आल्यावर तुम्ही रोजच्यासारखं विचारलंत, "आलं का कुणी?"

"नाय, नाना."

महिनाअखेरीला पुन्हा तेच विचारलंत, मी पुन्हा तेच सांगितलं. "लाव कुलूप," म्हणालात आणि भिंतीकडं तोंड केलंत. फुलंब्रीत तुम्ही जेमतेम सहा महिने काढलेत. तिथंही दार वाजलं की मान वर करायचात. मी नोकरी पुरी केली, पुंडलिकनगरात घर बांधलं, सोळा टोप्या एका नाटकवाल्याला देऊन टाकल्या. सतरावी काही देववत नाही. दर दिवाळीला ती पालथ्या तांब्यावर चढवते, वाफ देते, परत कपाटात ठेवते. तुम्ही तेरा वर्षांत सुटलात, मला अडकून साठ झाली.

हे पत्र घडी घालून त्या टोपीतच ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकणार? माफी मागायला बसले होते. पण खरं सांगू का, खोटं बोलल्याचं तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होतात आणि मी चुलीपाशी भाकरी थापत गाणं गुणगुणत होते. आपलं घर एका खोलीचं, नाना. तुम्हाला ते ऐकू आलं असणार.