फेनरच्या घरातली वाफ

ती. आईस,

प्रभू येशूची स्तुती असो. लोकरीचे मोजे मिळाले. टपालाला तीस सेंट कशाला घातलेस? तुझा नातू काझिक ते झोपताना हातांतही घालतो.

इथे बफेलोत खिडक्यांना आतून बर्फ धरतोय, आणि घरमालक फेनर कोळसा वाचवायला खोल्यांना वाफेची ऊब देणारा बॉयलर विझवतो. काल जपमाळ संपताच मी पळीने खोलीतला वाफेचा रेडिएटर बडवला. पाइपातून आवाज गेला, तशा सगळ्या मजल्यांवरच्या बायका बडवू लागल्या. फेनर धावत आला.

"बाई, वेड लागलं का?"

"भाडं घेता ना? मग वाफ सोडा, नाहीतर रोज बडवू."

वाफ आली. आम्हाला न्यायला बाबांना पाठवू नकोस, मी हलणार नाही. काझिकचा खोकला किरकोळच आहे. तरी तू कांद्याचा पाक करायचीस, त्यात साखर किती, तेवढं उलटटपाली कळव.

तुझी ब्रोन्या