न प्यालेली दारू

६ जाने. ९६, सातारा
दादाचा सांगलीहून फोन. पोट फुगलंय, पाय सुजलेत. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, शिवाय ते आक्रसत चाललंय. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं म्हणे, रोज किती घेता? दादाने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. वहिनी तिथे मान खाली घालून बसलेली. तिलाही खरं वाटलं नसावं.

२० जाने., सांगली
सकाळच्या एस.टी.ने आले. दादा पिवळा पडलाय. कुपवाडच्या कारखान्यात सोबतचे चेष्टा करतात, "गड्या, आमास्नी सोडून एकटाच?" वहिनीने त्याच्या डब्याच्या पिशवीत बाटली शोधली. मिळाली नाही. तिनेच सांगितलं, रडत.

२ फेब्रु., मिरज
मोठ्या डॉक्टरांकडे. सुईने यकृताचा तुकडा काढला होता, त्याचा निकाल. न पिणाऱ्यांनाही होतं, म्हणाले. साखर, वजन, आणि कदाचित घराण्याच्या रक्तातूनच आलेलं काहीतरी. काय ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. औषध नाही. वहिनीने दादाचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

९ फेब्रु., सातारा
बी.एस्सी.च्या वर्गावर जनुकांवरून उतरणारा आरएनए शिकवला. एका मुलीने विचारलं, प्रथिन न बनवता जो भाग कापून टाकला जातो, त्याचं काम काय? दरवर्षी 'काही नाही' सांगत आले. आज म्हटलं, कुणालाच माहीत नाही. दादा डोळ्यांपुढे. तास लवकर सोडला.

१८ फेब्रु., वडूज
आईला सांगायला आले. वडीलही असेच गेले, पोट फुगून. गाव म्हणायचं, चोरून पितोय. ते शपथेवर नाही म्हणायचे, तरी आईनेही गावाचंच मानलं. शेवटी शेवटी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं तिने. डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं. मग आई,
"म्हंजी त्ये खरं बोलत हुते?"
असेल, म्हटलं. त्यांना कुणी तपासलंच नव्हतं, ठाम कसं सांगू? ती जेवली नाही.

३ मार्च, मिरज
काल दादाला रक्ताची उलटी. दवाखान्यात. आई वडूजहून एकटीच आली, कुणाला न कळवता. खाटेशी बसून त्याच्याशी सारखी बोलतेय. ज्वारीची काढणी, म्हैस, शेजारणीचं भांडण, काहीही. नर्सने दोनदा गप्प केलं. ऐकत नाही. दादा भ्रमात, मघाशी मला वहिनीच्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत बघू.
आई बोलतेच आहे.