सहीची साडी

९ जानेवारी १९९६

पंधराशे रुपये! नुसता शोध घ्यायचे!

शोध कशाचा म्हणते मी? घर रोह्याजवळ वरसेला रस्त्याच्या कडेला उभं आहे. दोन खोल्या, पडवी, मागे नळ. आंधळ्यालाही सापडेल. वकीलबाईंना तसं म्हटलं तर हसल्या. "घर दिसतं हो. मालक दिसत नाहीत. तीस वर्षांचे कागद बघावे लागतात."

आसावरी वकील त्यांचं नाव. वयाने माझ्याहून लहानच. हे कंपनीत प्रवीणभाऊ, चारचौघांत वाघ — तिथे खुर्चीच्या टोकावर बसले होते. बाहेर आल्यावर माझ्यावरच खेकसले. "तुला कोणी सांगितलं होतं वकील करायला?" मीच सांगितलं होतं मला. पंचवीस हजार बयाणा दिलाय, त्यात माझ्या पाटल्या आहेत.

बालवाडीचं जुनं रजिस्टर उरलं होतं, त्यात लिहितेय. कोणाशी तरी भांडायला हवं.

२७ जानेवारी, शनिवार

शोध लागला. घराला अजून एक मालक आहे!

घर माधवराव मास्तरांचं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, खोटं बोलेल असं वाटत नाही. बोलले नाहीतच, फक्त सांगितलं नाही. त्यांना एक बहीण आहे — वत्सला, पेणला असते. वडिलांच्या मागे कागदावर दोघांचं नाव लागलंय.

मास्तरांना बोलावलं. ते उलट चिडले. "बाबांच्या बाराव्याला साडी नेसवली तिला! सगळ्या आळीसमोर! तेव्हाच सुटला की तिचा हक्क!"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, साडी सात-बारावर चढत नाही."

मला हसू फुटलं. पण फार वेळ टिकलं नाही. आता वत्सलाबाईंकडून हक्कसोडपत्र हवं. ते लिहायची फी, त्याचा स्टँप, नोंदणी, वर पेपरात जाहीर नोटीस. आम्ही मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी साठेखत उघडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'खरेदीकामी येणारा सर्व खर्च लिहून घेणार यांनी करावा.' लिहून घेणार म्हणजे आम्ही. सही करताना वाचली होती ती ओळ. वाटलं, स्टँपचं असेल.

आधी सही, मग वकील. शहाणे आम्ही!

३० जानेवारी

जाहीर नोटीस. पेपरात सहा ओळी, सहाशे रुपये. ओळीला शंभर. माझा बालवाडीचा महिन्याचा पगारही तेवढा नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

पेणला जाऊन आलो. एसटीत नागोठण्यापर्यंत मी त्या वत्सलाबाईंना शिव्याच घालत होते. म्हातारपणी कशाला हवाय हिस्सा, वर घेऊन जायचाय का, वगैरे. ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

एक खोली. जमिनीवर पोह्याचे पापड वाळत घातलेले, पाय ठेवायला जागा नाही. साठीच्या पुढची बाई, एकटी. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली म्हणे. पापड लाटून दुकानाला देतात. आम्ही कशाला आलो ते ऐकलं आणि उठून ट्रंक उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी काढली. हिरवी, बारीक काठाची. डांबरगोळ्यांचा वास.

"हीच ती. दहा वर्षं झाली. घडी मोडलेली नाही."

हे म्हणाले, "पण तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत."

"तेव्हा दादाकडे मी एक खोली मागितली होती. तुम्ही घेताय ना, त्यातलीच पुढची. म्हणाला, भाडेकरू आहेत. आणि दुसऱ्या दिवशी ही नेसवली." मग सरळ आकडा सांगितला. "वीस हजार. दान नको. हिस्सा."

निघताना मला म्हणाल्या, "तू शिकलेली दिसतेस. माहेरच्या जमिनीला नाव आहे का तुझं?"

मी म्हटलं, आमच्यात तसं बघायची पद्धत नाही.

"आमच्यातही नव्हती," म्हणाल्या, आणि पापडांची पुडी हातात दिली. चिवट म्हातारी. पापड मात्र चांगले आहेत.

१३ फेब्रुवारी

मास्तर वीस हजारांतला पैसाही सोसायला तयार नाहीत. "सर्व खर्च" म्हणजे सर्व खर्च! कंपनीच्या पतपेढीचं कर्ज काढून झालंय, वर एक रुपया मिळणार नाही. मार्चअखेर खरेदी झाली नाही तर बयाणा बुडाला. आणि मार्चअखेरच आमची भाड्याची खोली रिकामी करायची आहे, घरमालकाच्या मुलाचं लग्न आहे.

पुढे गेलं तर वीस हजार, मागे फिरलं तर पंचवीस हजार. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही काठांवर वकीलबाई फीचा कागद घेऊन उभ्या. पोळी करताना रडू आलं. ह्यांना सांगितलं, कांदा.

१४ फेब्रुवारी

आज कांदा नव्हता.

३ मार्च, रविवार

हरेश आला! नवं मीठ घेऊन. आमच्या धरमतरच्या खाडीवरच्या मिठागराचं पहिलं मीठ दरवर्षी मला येतं. बाबा होते तोवर बाबा आणायचे, आता भाऊ. रोह्यात आल्यापासून मी मीठ कधी विकत घेतलेलं नाही. शेजारणींनाही वाटते.

चहा घेता घेता म्हणाला, "आयनं सांगितलं मना, त्या पेनच्या वत्सलाबायपायी घराचं आडलंय तुझं. पंचवीस हजार देतंय मी. भाव हाय ना मी तुझा?"

त्याच्यासमोरच रडले. हे दोनदा उठून दोनदा खाली बसले.

मग म्हणाला, "न् एक सही कर गो पेनला येऊन. बाबाची जमीन जेटीवाले घेतात. तुझा नाव उगाच लागलाय कागदाला. बावीस तारीख घेतलीय." आणि पिशवीतून साडी काढली. मोरपंखी. "आयनंच पसंत केलीय. सही झाली का तिथंच वटी भरू."

देव पावला. घर आपलं!

५ मार्च

वकीलबाईंना सांगायला गेले, पैशांची सोय झाली. कुठून झाली, विचारलं त्यांनी. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जमीन किती?"

मला माहीत नाही.

"कितीला जातेय?"

तेही माहीत नाही.

"हे दोन प्रश्न मी फी न घेता विचारलेत," म्हणाल्या. राग आला. आमच्या घरात नाक खुपसायची काय गरज? माझा भाऊ आहे तो.

घरी आले तर ती मोरपंखी साडी समोरच होती. मी अजून तिची घडी मोडलेली नाही, हे तेव्हा लक्षात आलं. कपाटात टाकली.

१० मार्च

माहेरी गेले. एकटीच. बांधावर मिठाच्या राशी लागल्यात. काळुरामकाका शेजारच्या आगरावर होते, बाबांचे दोस्त. सहज बोलता बोलता म्हणाले, "एकरी दोन लाख बोलतात. तुमचा तीन एकर, तुमची मज्जा हाय पोरी!"

सहा लाख. बांधावरच बसले मी.

हरेशला विचारलं. तो हसला. "आकडा ऐकून तू काय करशील?" मी पुन्हा विचारलं. मग हसला नाही. "पंचवीस हजार कमी पडतात का तुला?"

आई म्हणाली, "भावाकडं हिस्सा मागतं का गो कुनी? मी नाय मागितला. साडी नेसले न् आले. हिस्सा घेतलास तं म्हायेराची वाट बंद व्हईल."

मी एसटी धरली. पण आत नुसती आग झाली. सहावीत शाळा सुटली होती माझी दोन वर्षं — त्याच आमच्या आगरावर टोपल्या वाहिल्या मी. मिठाने टाचा फाटायच्या, आई रॉकेल लावायची. हरेश तेव्हा पेणला शिकत होता. बाबांनी नंतर मला परत शाळेत घातलं म्हणून आज हे लिहिता येतंय. टाचा अजून तशाच आहेत. त्या कुठल्या कागदाला लागल्या नाहीत.

२१ मार्च

उद्या सही.

हे खूश आहेत. पडवीला कुठला रंग द्यायचा ते विचारत होते. मी म्हटलं, सहा लाखांतले पंचवीस हजार. ते म्हणाले, "कोर्टात जाऊन सहा लाख मिळतील तेव्हा मिळतील. छप्पर आत्ता हवंय." खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. ह्यांची चूक नाही, दोन-दोन शिफ्ट करून डोळे खोल गेलेत त्यांचे.

सही केली तर घर. नाही केली तर घरही गेलं, माहेरही गेलं. आणि केली तर त्यातलेच वीस हजार जाणार वत्सलाबाईंना — त्यांचा हिस्सा म्हणून! त्यांचा हिस्सा द्यायला मी माझा सोडायचा. चिवट म्हणाले होते ना मी त्यांना. माझ्यात आहे का तेवढं चिवटपण? मला तर पळून जावंसं वाटतंय, आणि जायला कुठेच जागा नाही.

२२ मार्च, शुक्रवार

पेणच्या नोंदणी कचेरीतलं बाकडं. एका बाजूला आई, एका बाजूला हरेश. मध्ये मी. हे दाराशी. साडीची पिशवी मी घरून परत आणली होती, नेसवायला हवी ना! आता ती आईच्या मांडीवर, नारळ आणि खण वर ठेवलेला.

साहेब भले होते. कागद वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघितलं. सगळ्यांनाच विचारत असतील तसंच विचारलं — "बाई, स्वखुशीने देताय ना?"

शाईचा पॅड पुढे सरकवलेला होता. अंगठ्याला शाई लागलीही होती.

मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हटलं. साहेबांनी पॅड मागे घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. आई रडायला लागली. हरेशने पिशवी उचलली. "वत्सलाबायची शिकवन काय ही? पापड लाटशील!" खण खाली पडला होता, तो मीच उचलून आईच्या हातात दिला. तिने घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

एसटीत हे एका सीटवर, मी दुसऱ्या. अंगठ्याची शाई पुसून निघाली नाही.

३१ मार्च

मुदत संपली. मास्तर बयाणा परत देत नाहीत. निडीला स्टेशनच्या मागे एक खोली मिळाली, वर पत्रा. आज सामान हलवलं. हे गेले नऊ दिवस कामापुरतंच बोलतात. आज ट्रंक उचलताना म्हणाले, "जड आहे, तू सोड." बरं वाटलं.

६ एप्रिल

दुकानातून मिठाचा पुडा आणला. जन्मात पहिल्यांदा.

८ एप्रिल, सोमवार

बालवाडी सुटल्यावर वकीलबाईंकडे गेले. त्यांना वाटलं, उरलेली फी द्यायला आले. ती दिली. मग म्हटलं, शोध घ्यायचा आहे.

"अजून एक घर बघितलंत?"

"घर नाही. धरमतरची तीन एकर. माझ्या बापाची. फी किती ते मात्र आधी सांगा."