परवानगी मालिकेतल्या सुनेला

सोनकुल सरोवराकाठचं कुरण, ३ ऑगस्ट २०१४

ती. साइकालताईस,
बुरुलचा सा. न.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मालिकेतल्या सुनेने कॉलेजचं नाव काढताच सासूबाईंनी रागाने टीव्ही बंद केला, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. दिवसभर आभाळ असल्याने सौर बॅटरी संपली होती. मी तंबूच्या दाराशी चहा ओतत होते. पडदा काळा झालेला तेवढा दिसला, बाकीचं माझ्या भीतीने लिहिलं.

माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाचं सासूबाईंना अजून विचारलेलं नाही. नारीन शहरातल्या कॉलेजात अर्ज महिनाअखेरपर्यंतच घेतात. हे म्हणतात, आईला तूच विचार, मी विचारलं तर बायकोने पढवलं म्हणेल.

तुझीच,
बुरुल

बिश्केक, ८ ऑगस्ट

चि. बुरुल हिस अ. आ.

घोडीच्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवलेलं पत्र मिळालं. लहानपणीही आईने हाक मारायच्या आत तू माफी मागायचीस. अगं, माझ्या सासूबाईंनी मला वर्षभर जीन्स घालू दिली नाही, आणि आता त्या मालिकेतल्या सुनेच्या बाजूने शेजारणींशी भांडतात. पडद्यावरची सून सगळ्यांनाच लाडकी. तुझ्या सासूबाई काय म्हणतात ते नीट ऐक आणि पुढच्या पत्रात भीती सोडून बाकीचं लिही.

तब्येत जप, आणि माझ्यावर रुसायचं असेल तर पास झाल्यावर रूस.

तुझी ताई,
साइकाल

सोनकुल, १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल मालिकेतली सून जिन्यावर बसून रडत होती. सासूबाई वैतागून म्हणाल्या, ही तोंड उघडून विचारत का नाही, सासू काय गिळणार आहे हिला? मी म्हटलं, सासू नाही म्हणेल अशी भीती वाटत असेल. त्या म्हणाल्या, नाही ऐकून कोणी मेलंय का? मग त्यांनी विचारलं, पण ही शिकायला गेली तर घोड्यांचं दूध कोण काढणार?

ताई, मालिकेतलं घर इस्तंबूलचं, संगमरवरी जिन्याचं. सासरे म्हणालेच, अगं, तिथे घोडी कुठली? सासूबाई म्हणाल्या, तुम्ही चहा प्या.

मी चहादाणी खाली ठेवली. आणि सांगितलं, की सप्टेंबरात कुरणावरून खाली उतरलं की घोड्या आटतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सून दूध काढायला येईल. सासूबाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, असं असेल तर सासूने हरकत घ्यायला नको.

हे खुणेने म्हणाले, झालं काम. मला तसं वाटत नाही. परवानगी त्या सुनेला मिळाली आहे, मला नाही. तिच्या आडून अर्ज भरला तर सासूबाईंना फसवल्यासारखं होईल. टीव्ही बंद असताना, समोर बसून, मी माझ्या नावाने विचारणार आहे.

पत्र लांबलं, माया मात्र आखडू नकोस.

तुझी,
बुरुल

ता. क. कधी, असं तू विचारशीलच. सोमवारी, १८ ऑगस्टला, सकाळचं दूध काढून झाल्यावर.