सोवळ्याची वाकडी दांडी

अण्णा,

परवा तुमच्या नातीने माझी गाडी ठोकली. गंगेकाठची रामघाटाची गल्ली सोडून आम्ही आता कॉलनीत राहतो, गाडी थेट दारापर्यंत येते, आणि दाराजवळच्याच खांबावर तिने ती आदळवली. चपला न काढता आत आली, पाणीसुद्धा प्यायली नाही, आणि म्हणाली, "बाबा, गाडी माझ्या हातून लागली." एवढंच. मी ओरडायला तोंड उघडलं, तर लगेच म्हणाली, "इतना क्या? आजोबांनी पण तर कोहऱ्यात सरकारी जीप ठोकली होती ना!" ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. एकदा नाही, दहादा, हसत हसत, जेवताना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या नावावर ती जीप ठोकतोच आहे. म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

ती नव्वदच्या दशकातली जानेवारी तुम्हाला आठवत असेलच. मला बँकेत लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि जबलपूरचे लोक मला बघायला यायचे होते. तुम्ही सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. मिर्झापूरच्या पलीकडच्या डोंगरात, रस्ते नसलेल्या मुलखात जाणाऱ्या जीपगाड्या हाडं खिळखिळी होऊन तुमच्याकडे यायच्या आणि तुम्ही त्यांना पुन्हा उभं करायचात. वैदिकांच्या घरातला मुलगा वेद सोडून ग्रीस चिवडतो, हे गल्लीने तुम्हाला आयुष्यभर ऐकवलं. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे तुम्हाला 'पंडितजी'च म्हणायचे. संध्याकाळी राखेने आणि घासलेटने हात घासताना बोटांच्या पेरांतलं काळं कधी पुरतं निघायचं नाही, आणि सकाळी त्याच हातांनी तुम्ही देवाला गंध लावायचात. सरकारी गाडीतून घरची भाजीची पिशवीसुद्धा कधी आणली नाहीत. त्या दिवशी जीप गल्लीबाहेर मैदागिनच्या चौकात उभी होती, ती केवळ इंजिनाचं काम झाल्यावर थंडीत पहिल्या झटक्यात चालू होते की नाही हे तुम्हाला सकाळी बघायचं होतं म्हणून.

बाहेर कोहरा, धुकं असं की चार पावलांवरचं दिसत नाही. जबलपूरची रेल्वे चार तास लेट. तुम्ही पंचगंगा घाटावर स्नान करून येऊन पूजेला बसलात. पूजा संपेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलत नाही, हे घरात मांजरालाही ठाऊक होतं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, पाहुण्यांना आणायला जीप नेतो हं." तुम्ही माझ्याकडे वळून 'हूं, हूं' केलंत आणि पळी धरलेला हात जोरजोराने हलवलात. तो हात 'नाही' म्हणत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तोंडाने नाही म्हणाला नाहीत ना, मग झालं! खिळ्यावरची किल्ली काढून मी चालता झालो. रिक्षातून पाहुणे आणणारा जावई मला व्हायचं नव्हतं.

स्टेशनच्या वाटेवर रस्ता खणून ठेवला होता आणि खड्ड्याभोवती विटांचा कट्टा रचला होता. डावं पुढचं चाक त्यावर आदळलं. खाली उतरून बघितलं, बंपरला ओरखडासुद्धा नाही. जिवात जीव आला. पण गाडी चालू केल्यावर चाकं सरळ ठेवायला स्टिअरिंग डावीकडे तिरकं धरावं लागत होतं. तसंच धरून मी स्टेशनला गेलो, आणि तसंच धरून जबलपूरच्या चौघांना घेऊन आलो. जी पुढे तुमची सून झाली ती माझ्या मागेच बसली होती. घरी पाहुण्यांसमोर तुम्ही फक्त एकदा माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलंत. दुपारी त्या जीपचे ड्रायव्हरचाचा येऊन जीप वर्कशॉपला घेऊन गेले.

रविवारी तुम्ही मला वर्कशॉपला नेलंत. तुमचे मदतनीस सुट्टीवर होते आणि स्टिअरिंगचा दोष शोधायला दोन माणसं लागतात. मी सीटवर बसून स्टिअरिंगचं चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, नुसतं बोटभर हलवत राहायचं, आणि तुम्ही गाडीखाली उताणे पडून एकेक जोड मुठीत धरून बघायचात. कुठे ढिला आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं, असं तुम्ही म्हणायचात. त्याआधी तुम्ही पुढच्या दोन्ही टायरांवर खडूने रेघा मारून सुतळीने अंतर मोजलं होतंत, पुढून किती, मागून किती, आणि मान हलवली होतीत. मी वर बसलोय, चाक हलवतोय, इतकी थंडी आणि माझ्या कानशिलांवर घाम. खालून तुमचा आवाज येतो, "तू चालवत होतास तेव्हा डावीकडे खिंचत होती का रे?"

मी म्हणालो, "नाही अण्णा. चाचांनीच कुठेतरी ठोकली असेल."

खाली तुमचा हात थांबला. चाकातून ते मला कळलं, कारण जोड मुठीत धरलेला असला की हलवताना जरा जड लागतं, आणि एकदम हलकं झालं. गाडी ठोकलीय असं तुम्ही म्हटलंच नव्हतं. तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "हलव. थांबलास कशाला?"

दोन्ही चाकांना जोडणारी दांडी तुम्ही सोडवून बाहेर काढलीत आणि फरशीवर गडगडवलीत. चांगली दांडी सरळ गडगडत जाते. ही उड्या मारत गेली. मग चाकाला वळवणारा तो जाड लोखंडी आर्म तुम्ही घासलेटने धुतलात, कोरडा पुसलात, आणि त्यावर खडूची पूड भुरभुरलीत. आपण दोघं बघत बसलो. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर एक केसाएवढी ओली रेघ उमटली. आतल्या भेगेत शिरलेलं घासलेट बाहेर झिरपत होतं. "हा रस्त्यात तुटला असता," तुम्ही म्हणालात, "तर चाक एकीकडे आणि स्टिअरिंग एकीकडे. आत कोण बसलं होतं, माहीत आहे ना?" मी हो म्हणालो. तेवढ्यात सांगता आलं असतं. मी हाताला लागलेली खडूची पूड झटकत बसलो.

सोमवारी साहेबांनी ड्रायव्हरचाचांना बोलावलं. जीप मी चालवली होती हे वर्कशॉपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्याशिवाय बोट दाखवायला माणूसच नव्हता. हे सगळं मला नंतर चाचांकडूनच कळलं. ते हात जोडून म्हणाले, "गंगा मइया की कसम साहब, हम कहीं नहीं ठोके." साहेबांनी त्यांना घरी बसवायचा कागद लिहायला घेतला. तेव्हा तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "ट्रायल के टाइम हमारे हाथ से लगी है." तीस वर्षांत एका गाडीला ओरखडा न आणलेला माणूस! साहेबांनाही ते खरं वाटलं नाही म्हणे, पण तुम्ही लिहून दिलंत. तुमचं फोरमनपद गेलं आणि निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं तुम्ही स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत काढलीत. पुन्हा गाडीखाली गेला नाहीत. घरी येऊन तुम्ही मला एवढंच म्हणालात, "चाचांना आता त्रास नाही." मी मान डोलावली, जणू तुम्ही मला हवामान सांगत होतात.

त्याच संध्याकाळी तुम्ही ती वाकलेली दांडी घरी आणलीत. वर्कशॉपमध्ये तुमचा एक नियम होता. स्टिअरिंगची वाकलेली दांडी कधी सरळ करून वापरायची नाही, सगळ्यांसमोर करवतीने दोन तुकडे करायचे, म्हणजे उद्या कुणी गुपचूप ठोकून पुन्हा बसवायला नको. शेकडो कापल्या असतील तुम्ही. ही कापली नाहीत. गंगेवर नेऊन वाळूने घासलीत, आणि स्वयंपाकघरात देवघराच्या वर, सोवळं वाळत घालायची जुनी बांबूची काठी काढून तिच्या जागी टांगलीत. आई म्हणाली, "अहो, मोटारीचं लोखंड सोवळ्याला?" तुम्ही म्हणालात, "स्वच्छ केलंय." पण ती मधे वाकलेली. तुमचा सोवळ्याचा पंचा आणि आईचं लुगडं रोज सकाळी दोन टोकांना घातलेलं असायचं आणि वाळेपर्यंत मधे घसरून एकमेकांवर गोळा झालेलं असायचं. आई चिडायची, "हे सगळं मधेच का येतं?" तुम्ही म्हणायचात, "दांडी वाकडी आहे." तेवढंच, माझ्याकडे न बघता.

नऊ वर्षं, अण्णा. तुम्ही जाईपर्यंत नऊ वर्षं मी त्या दांडीखाली बसून जेवलो. तुम्ही ती माझ्यासाठीच टांगलीत, की चांगलं लोखंड भंगारात जाऊ नये म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, तुम्ही वाट बघत होतात. मी एकदा जरी वर बघून 'ही माझ्या हातून वाकली' म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही करवत काढली असतीत. मी काय केलं? माझ्या लग्नाच्या पंगतीत काकांनी थट्टा केली, "आमच्या फोरमनसाहेबांपासून जरा गाडी लांब उभी करा हो!" सगळे हसले. मीही हसलो, नवरदेवाच्या वेषात, सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही जिलबी वाढत होतात. माझ्या पानापाशी आलात, एक जास्तीची वाढलीत आणि पुढे गेलात. ती जिलबी मी खाल्ली, याची मला लाज वाटते. गाडी ठोकल्याची नाही वाटत तितकी.

हे पत्र तुमच्या नातीला वाचायला द्यायचं ठरवून मी लिहायला बसलो. तुम्हाला पोचवायची दुसरी वाट नाही. ती आत्ता पलीकडच्या खोलीत फोनवर मैत्रिणीला खांबाची हकीकत सांगतेय, अगदी खुशाल, काही न लपवता. पण इथवर येऊन वरचं पुन्हा वाचलं आणि कळलं की आजही देता येणार नाही, कारण तुमच्यासमोर बसूनही मी एका जागी कोहऱ्याच्या आड उभा राहिलोय. सकाळी कोहरा होता, हे खरं. पण मी मैदागिनहून निघालो तोवर तो विरला होता, अण्णा. स्वच्छ ऊन पडलं होतं. तो कट्टा मला दिसला असता. मी आरशात केसांचा भांग बघत होतो.