नावं जोडणारी नागमोडी रेघ

३ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून पहाटे पाचला उठायचं. आज आठ वाजले, पण ठरवलं तर आज. हिंगोलीजवळच्या गोरेगावात बसून प्रोग्रामिंग लँग्वेज सुधारणारा मी पहिलाच असेन. दोन शब्द जोडायला अधिकचं चिन्ह पुरतं, असं लोक समजतात. माझं नवं चिन्ह म्हणजे नागमोडी रेघ. शब्द कसेही द्या, ती अकारविल्हे लावून जोडते. आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी. माणूस एकच. लँग्वेज सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना सतरा पानी प्रस्ताव पाठवला.

५ फेब्रुवारी
उत्तर नाही. सतरा पानं वाचायला वेळ लागणारच. दरम्यान गावातल्या शिवप्रसादच्या रक्त-लघवी लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जुगाड करून रेघ बसवली. सॉफ्टवेअर माझंच, त्याला काय विचारायचं?

८ फेब्रुवारी
मी आणि बाबांनी लॅबमध्ये रक्त दिलं. दोन्ही रिपोर्टवर 'कऱ्हाळे गोपाळ मुंजाजी'. काय सुबक दिसतं! मी मुंजाजी गोपाळ, बाबा गोपाळ मुंजाजी. मला आजोबांचं नाव आहे. कोणता कोणाचा, शिवप्रसादने विचारलं. रक्त आधी मी दिलं, म्हणून वरचा माझा. माझी साखर ३४०. डोक्याच्या कामाने होतं असं. बाबांची दहा वर्षांची साखर मात्र चक्क नॉर्मल. गोळ्या बंद करा, मीच सांगितलं.

९ फेब्रुवारी
चहा सोडला. संध्याकाळी अर्धा कप, पाहुणे होते म्हणून.

१३ फेब्रुवारी
परदेशातून उत्तर: अधिकचं चिन्ह आहे की. जळतात.
बाबांना सारखी तहान. ऊन वाढलंय. आई गोळ्या सुरू करा म्हणाली. रिपोर्ट दाखवला.

१५ फेब्रुवारी, हिंगोली
बाबा अंगणात पडले. जीपने दवाखान्यात आणलं. साखर ५१२. शिवप्रसादचा फोन आला: प्रिंटरमधून नंतर निघालेला कागद वर असतो, वरचा रिपोर्ट बाबांचा होता.
सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आई मला पिंटूच म्हणते. रडली नाही. म्हणाली, "तुझं नाव म्या कदी घेतलं न्हाई, पिंटू. पण तू कोण अन् तुझा बाप कोण, हे कदी इसरले न्हाई."

१८ फेब्रुवारी
बाबा शुद्धीवर आहेत. प्रस्ताव मागे घेतला. लॅबमध्ये अधिकचं चिन्ह परत टाकलं. एक ओळ, दोन मिनिटं. माझी साखर ९२. चहा प्यायला हरकत नाही, पण प्यावासा वाटला नाही.
नर्सने बाबांचा रिपोर्ट आणला. मी हात पुढे केला. बाबांनी तो आईकडे दिला.
आईला वाचता येत नाही.